क्रॉफर्ड मार्केटजवळ दोघी बायकांना एका रात्रीसाठी साधी खोली मिळेल का?

वाणवाली_परभणी

नमस्कार. परभणीत आमचं छोटं दुकान आहे, बांगड्या-टिकल्या-कटलरीचं. संक्रांतीच्या वाणाचा माल दरवर्षी नांदेडहून उचलतो. तिथला व्यापारी तो मुंबईहूनच आणतो अन् डझनामागं आपलं काढून घेतो. यंदा मी आणि माझी जाऊ, दोघीच मुंबईला जाऊन माल बघायचं ठरवलंय. मिस्टर दुकान सांभाळणार आहेत.

देवगिरीनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं, पहिला दिवस अब्दुल रहमान स्ट्रीट, दुसरा भुलेश्वर, आणि रात्रीच्या देवगिरीनं परत. म्हणजे मुक्काम एकच रात्र. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास लॉज पुष्कळ आहेत म्हणतात. बजेट दीड हजार, ओढूनताणून अठराशे. एसी नको, टीव्ही नको. दार आतून नीट लागावं आणि संडास स्वच्छ असावा, एवढंच मागणं आहे. दोघी बायकांना खोली देतात का? मोबाईलवर फोटो बघितले तर सगळ्या खोल्या चकचकीत, अन् खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं की पोटात गोळा येतो. डिसेंबरचा पहिला आठवडा मनात आहे. कोणी राहून आलं असेल तर सांगा.

पक्या_लोकलवाला

ताई, एवढं टेन्शन कशाला? ॲपवर बुक करा, रेटिंग चारच्या वर बघा, विषय संपला. नाहीतर सीएसएमटी स्टेशनातच पॉड हॉटेल आहे. कपाटात झोपल्यासारखं वाटतं, पण एसी आहे, स्वच्छ आहे. रेल्वेच्या रिटायरिंग रूम पण आहेत, आयआरसीटीसीवर तुमच्या तिकिटाचा पीएनआर टाकून बुक होतात. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे. मिळाली तर लॉटरी.

काउंटरवरचा

ताई, मी त्याच भागातल्या एका लॉजच्या काउंटरवर बसायचो, जास्त करून रात्रपाळीला. आता खेडला गावी असतो. बऱ्याच वर्षांची सवय, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. लांबण लागेल.

आधी तारीख बदला. ५, ६ आणि ७ डिसेंबरला येऊ नका. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात. तुमच्या मराठवाड्यातून येणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम त्या दिवसांत कशा भरून येतात ते मी स्टेशनवर बघितलंय, रिझर्वेशनच्या डब्यातही पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत राहायच्या जागाही भरतात. त्या गर्दीचं कारण मोठं आहे, आपण खरेदीवाल्यांनी दोन-चार दिवस मागेपुढे व्हावं. दहा तारखेनंतर या. रविवार धरू नका, घाऊक पेठ बहुतेक बंद असते.

आता खोली. गाडी सकाळी सातच्या सुमाराला लागणार. त्या वेळेला कुठल्याही लॉजवर रिकामी खोली मिळणं अवघड, कारण रात्रीचे लोक उठलेले नसतात. आठ ते दहाच्या दरम्यान खोल्या सुटतात, मग पोरं झाडू मारतात, चादर बदलतात. तुम्ही सात वाजता दारात उभ्या राहिलात की काउंटरवाला एकतर "बसा" म्हणेल, नाहीतर कोणी घेत नाही ती खोली तुमच्या गळ्यात मारेल. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करा आणि एकच प्रश्न पहिल्यांदा विचारा: चेक-आउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं? बाराचं असेल तर सकाळी सातला शिरून तुम्ही एका रात्रीसाठी दोन दिवसांचं भाडं देऊन बसाल. त्यावरून काउंटरवर रोज भांडणं व्हायची. माणूस रात्रभर जागून आलेला, आणि आम्ही बोर्डाकडे बोट दाखवायचो. चोवीस तासांचं लॉज शोधा, जुन्या लॉजमध्ये अजून ती पद्धत आहे.

स्टेशनवरून टॅक्सी करू नका. "स्वस्त हॉटेल दाखवतो" म्हणणारा टॅक्सीवाला तुम्हाला सोडून निघत नाही, तो थोड्या वेळाने एकटा वर येतो आणि त्याचे पैसे घेऊन जातो. ते पैसे तुमच्या भाड्यातच चढवलेले असतात. सबवेतून महापालिकेच्या बाजूला निघा आणि डी. एन. रोडने सरळ चालत जा. दहा-बारा मिनिटांत मंडईचं टॉवर दिसतं. पाटीवर महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे, पण विचारताना क्रॉफर्ड मार्केटच विचारा.

खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पहिली दाखवलेली खोली घेऊ नका. आमच्या मागे भिंतीवर फळी होती, तिच्यावर खिळ्यांना किल्ल्या. नवीन गिऱ्हाईक आलं की हात आपोआप संडासाशेजारच्या खोलीच्या किल्लीकडे जायचा. चांगली खोली कधीही जाते, ही जात नाही, मग ही आधी दाखवायची. मालकाने शिकवलेला हा पहिला धडा. पोरगा तुमच्या पुढे जातो, लाइट लावतो, पंखा लावतो आणि लगेच टीव्ही मोठ्याने लावतो. तुम्हाला वाटतं टीव्ही चालू आहे हे दाखवतोय. तो आवाज असतो पाण्याचा पंप, शेजारचं खोकणं आणि फ्लशची गळती ऐकू येऊ नये म्हणून. टीव्ही बंद करायला सांगा आणि मिनिटभर गप्प उभ्या राहा. मग म्हणा, "दुसरी दाखवा." दुसरी असतेच.

भिंत बोटाने वाजवून बघा. त्या इमारती जुन्या, लाकडी जिन्यांच्या. मुळात मोठ्या खोल्या होत्या, त्यांना प्लायवूडची पार्टिशनं घालून एकाच्या तीन केल्यात. पार्टिशन छतापर्यंत गेलंय की वर फट आहे, ते बघा. फट असेल तर शेजारच्याचा लाइट, विडीचा धूर आणि फोनवरचं बोलणं सगळं तुमच्याकडे. दोघी बायकांनी तशी खोली घेऊ नये, शंभर रुपये वाचले तरी.

खिडकी कुठे उघडते तेही बघा. मोहम्मद अली रोडच्या तोंडाची खोली दिसायला हवेशीर, पण जे. जे. फ्लायओव्हर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जातो. पुलावर स्कूटर-मोटारसायकलला बंदी आहे, तरी रात्री तिथे मोटारसायकली सुटतातच. ट्रक, टॅक्सी, हॉर्न हे सगळं उशीच्या पातळीवर. एक कोल्हापूरचे गृहस्थ पहाटे तीन वाजता गादी उचलून पॅसेजमध्ये येऊन झोपले होते, मी काही बोललो नाही. मागची खिडकी हाऊसगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात उघडते. तिथे कबुतरं आणि वास, पण झोप लागते. माझं मत विचाराल तर मागची घ्या आणि खिडकी बंद ठेवा.

कडी आतून लावून दार खांद्याने जरा ढकलून बघा. कडी मजबूत असते, तिचे स्क्रू खिळखिळे असतात. घरून एक चांगलं कुलूप आणा. जुन्या लॉजच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा असतो, बाहेर पडताना स्वतःचं कुलूप घाला. काउंटरवाला कुरकुर करेल, साफसफाईचं निमित्त सांगेल. एका रात्रीत काय साफ करायचंय?

ढेकूण बघायचे तर चादर बघू नका, ती रोज धुतलेली असते. गादीची शिवण एका कोपऱ्यात उचला, आणि पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीला टेकते तिथे मोबाईलचा टॉर्च मारा. बारीक काळे ठिपके दिसले की खाली उतरा. आणि बॅगा कधी पलंगावर ठेवू नका. खुर्चीवर नाहीतर खुंटीला. ढेकूण फुकटात परभणीला जातात.

बायकांना खोली देतात का? देतात. काही ठिकाणी तुमच्या तोंडावर "फुल आहे" सांगतील आणि तुमच्या मागून आलेल्याला किल्ली देतील. कायदा आड येत नाही, मालकाला झंझट नको असते एवढंच. तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका, पुढच्या जिन्याला लागा. बाहेरगावचं ओळखपत्र आणि दुकानाचं बिलबुक किंवा व्हिजिटिंग कार्ड दाखवलंत की नव्वद टक्के प्रश्न मिटतो. त्या भागात खरेदीला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे काउंटरवाल्याचं सगळ्यात आवडतं. दिवसभर बाहेर, रात्री दमून आडवं, सकाळी परत बाहेर. पाणी कमी, तक्रार कमी.

रजिस्टर भरताना नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी, मोबाईल हे सगळं खरं लिहा. २६/११ नंतर त्या पट्ट्यात पोलीस रजिस्टर बघायला येतातच, त्यात आम्हाला सूट नव्हती. ओळखपत्र दोघींचं लागेल, एकीचं चालत नाही. आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर मतदार कार्ड द्या, किंवा पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार काढून आणा. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त लॉजसाठी" असं आडवं लिहून सही करा. आमच्याकडे झेरॉक्सचे गठ्ठे शेवटी कुठे जायचे ते मला माहीत आहे, म्हणून सांगतोय.

पक्याभाऊ, रेटिंगबद्दल. ॲपचं बुकिंग घेऊन आलेल्याला "आमच्याकडे आलंच नाही" म्हणणारे काउंटरवाले मी बघितलेत, कारण ॲपचं कमिशन मालकाला नको असतं आणि रोख गिऱ्हाईक दारात उभं असतं. बुकिंग करायचंच तर करा, पण आदल्या दिवशी लॉजवर फोन करून नाव वाचून घ्या.

सीमा_डोंबिवली

काकांचं सगळं बरोबर, पण मी वेगळं सांगते. मी मेडिकल कंपनीत होते, फिरतीची नोकरी, असल्या खोल्यांमध्ये खूप राहिलेय. एका रात्रीसाठी कॉमन संडासवाली खोली बायकांनी घेऊच नये. रात्री दोन वाजता पॅसेजमधून जायचं म्हणजे एकीने दुसरीला उठवायचं. दोनशे-तीनशे जास्त द्या आणि आत संडास असलेली घ्या, मग ती अंधारी का असेना.

दुसरं, त्या गर्दीत राहायलाच हवं असं कुठे आहे? दादरला उतरा, तिथे मराठी वस्ती, जेवणाची सोय, सकाळी लोकलने मशीद बंदरला या. दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळासुद्धा आहे, अगदी स्वस्त.

काउंटरवरचा

सीमाताई, संडासाचं तुमचं मान्य. मी पुरुषाच्या डोक्याने लिहिलं.

धर्मशाळेचं मात्र नको. गाडगे महाराजांची दादरची जागा टाटा हॉस्पिटलात उपचाराला आलेल्या पेशंट आणि नातेवाइकांसाठी आहे. तिथे महिनोन्‌महिने लोक केमोच्या तारखा मोजत बसलेले असतात. बांगड्या घ्यायला आलेल्या माणसाने तिथली खाट अडवू नये. धर्मशाळाच बघायची तर सी. पी. टँकला हिराबाग आहे, भुलेश्वरला लागूनच. तिथे फोन करून नियम विचारा.

आणि दादरला राहून सकाळी दहाच्या लोकलने मशीदला? जाताना जाल. येताना संध्याकाळी सहाला दोन दोन पिशव्या घेऊन बायकांच्या डब्यात चढून दाखवा. पेठेत राहायचा फायदाच हा, की अकरा वाजता पहिली फेरी करायची, पिशव्या खोलीत टाकायच्या, जरा पाय सोडून पडायचं, आणि चारला परत निघायचं. लॉजचं भाडं त्या दुपारच्या तासाभरासाठी असतं. रात्री झोपायला काय, माणूस गाडीत पण झोपतो.

वाणवाली_परभणी

काका, ताई, सगळं लिहून काढलं वहीत. जावेला वाचून दाखवलं तर ती टीव्हीच्या गोष्टीवर हसत बसली. आता पंधरा-सोळा डिसेंबर बघायलोत, रविवार टाळून.

अजून दोन शंका. आम्ही सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातला सोडावी लागणार, अन् गाडी तर रात्री नवाच्या पुढं. तोवर पिशव्या कुठं ठेवायच्या? माल म्हणजे दोन-तीन गोण्या तरी होतील. दुसरं, जीएसटी लावतात का? आमचं दुकान जीएसटीत आहे, त्याचं क्रेडिट मिळतं का?

काउंटरवरचा

जीएसटीचं आधी. साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला आता ५ टक्के आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून. त्याआधी १२ होता, आणि हजाराच्या आतल्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत काहीच नव्हतं. कोणी अजून १२ लावून मागत असेल तर बिलावर जीएसटी नंबर छापलेला दाखवा म्हणा, गाडी लगेच खाली येते. अगदी छोटी लॉज नोंदणीतच नसतात, त्यांनी लावायचा प्रश्नच नाही. क्रेडिटबद्दल तुमच्या सीएला विचारा. हा ५ टक्के 'क्रेडिटशिवाय' म्हणतात ते लॉजवाल्यासाठी, त्याला त्याच्या खरेदीवरचं क्रेडिट घेता येत नाही. तुमच्या भाड्यावर पाऊणशे-नव्वद रुपयांचा प्रश्न आहे.

सामानाचं. खोली सोडल्यावर काउंटरमागे बॅगा ठेवू देतात, बहुतेक ठिकाणी फुकट. बॅगेला स्वतःचं कुलूप आणि नावाची चिठ्ठी. रोकड आणि बिलं तिथे ठेवायची नाहीत. पाळी बदलते, सकाळी ठेवून घेणारा संध्याकाळी नसतो, म्हणून ठेवताना रजिस्टरमध्ये ओळ लिहून घ्या. स्टेशनच्या क्लोक रूमला पण ठेवता येतं, पण तिथे तिकीट लागतं आणि सामानाला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. गोणीला कुठून कुलूप लावणार?

गोण्या मुळात लॉजवर आणूच नका. हे मी आधीच लिहायला हवं होतं. ज्या दुकानातून माल घ्याल तिथेच सांगा, "परभणीला ट्रान्सपोर्टला टाका." अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या दुकानदारांचं हे रोजचं काम आहे. हातगाडीवाला त्यांचा ठरलेला असतो, तो गोणी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पोचवतो, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, दुकानात येते आणि तिचा फोटो तुमच्या मोबाईलवर. भाडं टू-पे करा, परभणीत माल सोडवताना द्यायचं. गोणीवर दुकानाचं नाव आणि नंबर मार्करने दोन बाजूंना लिहून घ्या, आणि शिवण्याआधी आतला माल बिलाशी तुमच्या डोळ्यांदेखत मोजून घ्या. काचेचं काही असेल तर तेवढंच हातात न्या. बांगड्यांच्या पेट्या ट्रान्सपोर्टने तुटत नाहीत असं भुलेश्वरवाले सांगतील. त्यांचं ऐकायचं की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हमालाशी पैसे आधी ठरवा. "समजून द्या ताई" म्हणाला की थांबा, आकडा घ्या, मग गोणी उचलू द्या.

पक्या_लोकलवाला

काका, मान गये. पण मला एक सांगा, दुसरी खोली दाखवा म्हटलं आणि दुसरी पण तसलीच निघाली तर?

काउंटरवरचा

तर खाली उतरायचं. त्या रस्त्यावर दर चौथ्या जिन्यावर लॉजची पाटी आहे. आणि उतरताना अर्ध्या जिन्यात वरून हाक आली नाही तर मला सांगा. "ओ ताई, एक खोली आत्ताच सुटलीय" अशी हाक मी स्वतः किती वेळा मारली असेल. फक्त खरंच उतरायला लागा, दारात उभं राहून जातो-जातो म्हणणारा आम्हाला कळतो.

सीमा_डोंबिवली

वाणवाली, खाण्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. सीएसएमटीच्या समोर पंचम पुरीवाला आहे, सकाळी गाडीतून उतरून तिथेच पुरी-भाजी खाऊन पुढे जा, म्हणजे खोली सुटेपर्यंतचा वेळही निघेल. आणि जावेला सांग, चप्पल सपाट आणि जुनी घालून ये. यंदा वाणाला काय घेताय? मला पण तीस-एक नग लागणार आहेत, परभणीहून पार्सल केलंस तरी चालेल.

वाणवाली_परभणी

ताई, स्टीलच्या छोट्या वाट्या नाहीतर मोबाईलच्या पिशव्या बघायच्यात. भाव कळला की इथंच लिहिते. डोंबिवलीहून मशीद बंदर तास-सव्वा तासावर असून तुम्ही परभणीहून मागवायलात, हे काकांना सांगू नका.